राष्ट्राचा इतिहास कसा वाचावा? (अमेरिकेतील गुलामगिरीच्या निमित्ताने)

मी काही इतिहासकार नाही. नववीत शाळा सुटली आणि पुढची तीस वर्षे गिरणीच्या रिंग खात्यात गेली. जे काही वाचले ते पाळी सुटल्यावर, चाळीच्या गॅलरीत, शब्दकोश मांडीवर घेऊन. तेव्हा स्मरणिकेत इतिहासावर लेख लिहिण्याचा मला अधिकार तो काय, हा प्रश्न आधी मीच मला विचारला. पण संपादक मंडळातली मुलं म्हणाली, "काका, तुम्ही चुकलात कुठे ते लिहा. बाकीचं आम्ही पुस्तकात वाचू." म्हणून चुकीपासूनच सुरुवात करतो.

दहा-बारा वर्षे मी आमच्या भागातल्या कार्यक्रमांतून भाषणे करीत होतो. त्यात एक ठरलेला भाग असायचा. अब्राहम लिंकन यांच्या मनात दया उपजली, त्यांनी एक जाहीरनामा काढला आणि अमेरिकेतले सगळे गुलाम एका दिवसात मोकळे झाले, असे मी आवाज चढवून सांगायचो. टाळ्या पडायच्या. हे सगळं मी एका चाळीस पानी पुस्तिकेत वाचलं होतं आणि तिच्यापलीकडे जायची मला कधी गरज वाटली नव्हती. एकदा भाषण संपल्यावर चहा पिताना एका तरुण शिक्षकाने हळूच विचारलं, "काका, जाहीरनामा निघाला त्या दिवशी केंटकी राज्यातले गुलाम सुटले का हो?" मला केंटकी कुठे आहे तेही ठाऊक नव्हतं. तोच म्हणाला, "नाही सुटले. का नाही ते वाचा, मग पुढच्या वेळी सांगा."

त्या रात्री झोप लागली नाही. राग त्या शिक्षकाचा नव्हता, माझा मलाच होता. आपला इतिहास दुसऱ्यांनी दडपला म्हणून आपण ओरडतो, आणि आपणच माईक हातात आल्यावर अर्धवट गोष्ट छातीठोकपणे सांगतो, हे कसं चालायचं?

अमेरिकाच का?

कोणी म्हणेल, आधी आपल्या देशाचा इतिहास नीट वाचा, अमेरिकेचा कशाला? त्याला उत्तर असे की या रस्त्याने आपली माणसे फार पूर्वीच चालून गेली आहेत. जोतीराव फुल्यांनी तरुणपणी थॉमस पेन यांचा 'राइट्स ऑफ मॅन' हा ग्रंथ वाचला. हे पेन म्हणजे अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या बाजूने १७७६ साली 'कॉमन सेन्स' ही पुस्तिका लिहिणारे गृहस्थ. पुढे १८७३ साली जोतीरावांनी 'गुलामगिरी' प्रसिद्ध केली आणि ती अर्पण केली कोणाला? गुलामांना मुक्त करण्यासाठी झटणाऱ्या अमेरिकेतल्या सज्जन लोकांना. बाबासाहेब १९१३ ते १९१६ या काळात न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकले. १९४६ साली त्यांनी डब्ल्यू. ई. बी. ड्युबॉइस या काळ्या विद्वानाला पत्र लिहून, तिथले काळे लोक संयुक्त राष्ट्रसंघाकडे जे निवेदन देत होते त्याच्या प्रती मागवल्या आणि ड्युबॉइस यांनी उत्तरही दिले. १९७२ साली मुंबईत 'दलित पँथर' उभी राहिली ती अमेरिकेतल्या १९६६ च्या 'ब्लॅक पँथर'वरून नाव घेऊन. म्हणजे हा इतिहास आपल्याला परका नाही. मात्र आपल्यापैकी बहुतेकांना तो फक्त नावापुरता माहीत आहे.

माझी रीत

त्या शिक्षकाच्या प्रश्नानंतर मी वाचायची एक रीत ठरवली. जाडजूड ग्रंथ पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचणे कामगार माणसाला जमत नाही. म्हणून आधी मोजक्या तारखा वहीत लिहायच्या. मग प्रत्येक तारखेसाठी एक तरी पुस्तक असे शोधायचे की ज्याचा लेखक त्या घटनेत स्वतः होता किंवा ज्याने कागदपत्रे धुंडाळली आहेत. आणि तिसरी गोष्ट, जी मला सगळ्यात उशिरा सुचली: विजयाच्या दिवशी पुस्तक मिटायचे नाही. त्यानंतर दहा-वीस वर्षांनी काय झाले तेही वाचायचे.

वहीतली पहिली तारीख १६१९. त्या वर्षी व्हर्जिनियाच्या किनाऱ्यावर आफ्रिकेतून धरून आणलेली वीसेक माणसे उतरवून विकण्यात आली. दुसरी, ४ जुलै १७७६. सर्व माणसे समान आहेत असे जाहीर करून अमेरिका इंग्रजांपासून स्वतंत्र झाली. तो जाहीरनामा लिहिणारे थॉमस जेफर्सन यांच्या मालकीचे आयुष्यभरात सहाशेहून अधिक गुलाम होते. तिसरी, १७८७. घटना तयार झाली आणि तीत प्रतिनिधींची संख्या ठरवताना गुलाम हा माणसाचा तीन-पंचमांश मोजावा असे ठरले. मतदान गुलामाने करायचे नाही, पण त्याच्या डोक्यामागे मालकाच्या राज्याला जागा जास्त मिळायच्या!

कापसाची गाठ

चौथी तारीख मला गिरणी कामगार म्हणून जवळची वाटली. १७९३ साली एली व्हिटनी यांनी सरकी काढण्याचे यंत्र, म्हणजे जिन, बनवले. आपल्याला वाटेल यंत्र आले म्हणजे माणसाचे कष्ट कमी झाले. झाले उलटेच. सरकी झटपट निघू लागल्याने कापूस पिकवणे फायद्याचे झाले, जमिनी वाढल्या आणि गुलामांची मागणीही वाढली. १७९० च्या जनगणनेत सुमारे ७ लाख गुलाम होते, ते १८६० च्या जनगणनेत ३९ लाखांच्या वर गेले. लँकेशायरच्या गिरण्यांत जाणारा बहुतेक कापूस याच गुलामांच्या हातचा.

आता याचा मुंबईशी संबंध पाहा. १८६१ साली अमेरिकेत उत्तर आणि दक्षिण अशी यादवी पेटली. उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेची बंदरे रोखली आणि कापूस अडला. लँकेशायरचे कामगार उपाशी मरू लागले आणि इकडे मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला. व्यापारी गब्बर झाले, शेअरचा जुगार सुरू झाला. १८६५ साली लढाई थांबली तसा भाव कोसळला आणि कित्येकांचे दिवाळे निघाले. मुंबई विद्यापीठाचा राजाबाई टॉवर आपण येता-जाता पाहतो. तो याच कापसाच्या व्यापारात मोठे झालेल्या प्रेमचंद रायचंद यांच्या देणगीतून उभा राहिला. मी तीस वर्षे सूत कातले, पण माझ्या हातातल्या धाग्याचे दुसरे टोक मिसिसिपीच्या गुलामाच्या शेतात आहे, हे मला पन्नाशी जवळ आल्यावर कळले.

चोरून शिकलेली अक्षरे

या काळासाठी मी निवडलेले पुस्तक म्हणजे फ्रेडरिक डग्लस यांचे १८४५ साली निघालेले आत्मकथन. पुस्तक लहानसे आहे. मुलीने कॉलेजच्या ग्रंथालयातून आणून दिले. पहिल्या पानाला मला अडीच तास लागले. डग्लस मेरीलँडमध्ये गुलाम म्हणून जन्मले. बाल्टिमोरच्या मालकिणीने त्यांना मुळाक्षरे शिकवायला घेतली, तेव्हा मालकाने तिला थांबवले: गुलाम शिकला की कामातून गेला! डग्लस लिहितात की मालकाला ज्याची भीती वाटते तेच आपल्याला मिळवायचे आहे, हे त्यांना त्या क्षणी कळले. मग रस्त्यावरच्या गरीब गोऱ्या मुलांना पावाचा तुकडा द्यायचा आणि बदल्यात एक अक्षर शिकून घ्यायचे, असे करून ते वाचायला शिकले. १८३८ साली ते पळाले आणि पुढे गुलामगिरीविरुद्धचे सर्वात मोठे वक्ते झाले. ज्यांच्या पूर्वजांना अक्षर ऐकायलाही बंदी होती त्यांना हे पुस्तक समजावून सांगावे लागत नाही.

१ जानेवारी १८६३

आता माझ्या चुकीच्या तारखेकडे येतो. लिंकन यांचा मुक्तीचा जाहीरनामा फक्त बंड केलेल्या राज्यांना लागू होता. केंटकी, मेरीलँड, मिसुरी आणि डेलावेअर ही गुलामगिरीची राज्ये उत्तरेच्या बाजूला राहिली होती. त्यांना दुखवून चालणार नव्हते, म्हणून तिथले गुलाम त्या दिवशी गुलामच राहिले. केंटकीतले सुटले ते डिसेंबर १८६५ मध्ये, तेरावी घटनादुरुस्ती मंजूर झाल्यावर. ऑगस्ट १८६२ मध्ये लिंकन यांनी एका संपादकाला लिहिलेल्या पत्रात स्पष्ट म्हटले होते की त्यांचा मुख्य हेतू संघराज्य वाचवणे हा आहे. यामुळे लिंकन लहान ठरत नाहीत. पण दया उपजली आणि काम झाले, ही गोष्ट मात्र खोटी ठरते.

मग गुलामांना सोडवले कोणी? याचे उत्तर मला ड्युबॉइस यांच्या १९३५ च्या 'ब्लॅक रिकन्स्ट्रक्शन इन अमेरिका' या ग्रंथात मिळाले. लढाई सुरू होताच लाखो गुलाम मळे सोडून उत्तरेच्या छावण्यांकडे निघाले. जे राहिले त्यांनी काम ढिले केले. पुढे पावणेदोन लाखांवर काळे सैनिक उत्तरेच्या सैन्यात लढले. ड्युबॉइस या सगळ्याला चक्क 'सार्वत्रिक संप' म्हणतात. हा शब्द वाचला आणि मी पुस्तक बाजूला ठेवले. माझे वडील १९८२ च्या गिरणी संपात होते. तेव्हा मी लहान होतो, पण घरातली भांडी विकलेली मला आठवतात. संप म्हणजे काय ते आम्हाला कोणी समजावायला नको. पण गुलामांचे पळून जाणे हाही संपच, असे म्हणायला एक काळा विद्वान यावा लागला. तोवर गोऱ्या लेखकांना त्यात नुसती पळापळ दिसत होती.

दहा वर्षांनी काय झाले?

माझी पुस्तिका १८६५ ला संपत होती. खरा धडा त्यापुढे आहे.

लढाईनंतरच्या काळाला अमेरिकेत पुनर्रचनेचा काळ म्हणतात. १८६८ च्या चौदाव्या दुरुस्तीने काळ्या माणसाला नागरिकत्व आणि कायद्याचे समान संरक्षण मिळाले, १८७० च्या पंधराव्या दुरुस्तीने पुरुषांना मताचा हक्क मिळाला. १८७० साली हायरम रेव्हल्स हे मिसिसिपीतून सिनेटवर गेले, पहिले काळे सिनेटर. दक्षिणेत सरकारी शाळा उभ्या राहिल्या आणि त्यांचा फायदा गरीब गोऱ्यांच्या मुलांनाही झाला. एका पिढीपूर्वी ज्यांना बाजारात विकत होते ते कायदेमंडळात बसले!

एक गोष्ट मात्र राहून गेली. जमीन. जानेवारी १८६५ मध्ये जनरल शर्मन यांनी किनाऱ्यालगतची जमीन चाळीस-चाळीस एकरांनी मुक्त गुलामांना देण्याचा हुकूम काढला होता. लिंकन यांच्या खुनानंतर राष्ट्राध्यक्ष झालेल्या अँड्र्यू जॉन्सन यांनी त्याच वर्षी ती बहुतेक जमीन जुन्या मालकांना परत दिली. मत मिळाले, पण पोट मालकाच्याच हातात राहिले. अर्ध्या वाट्याने त्याच मालकाचे शेत करायचे आणि जन्मभर कर्ज फेडत राहायचे.

मग कु क्लक्स क्लॅनच्या टोळ्या आल्या. १८७७ साली राजकीय तडजोड होऊन दक्षिणेतल्या उरल्यासुरल्या राजधान्यांवरचा सैन्याचा पहारा उठला. १८७५ चा नागरी हक्क कायदा सुप्रीम कोर्टाने १८८३ मध्ये मोडीत काढला. १८९६ मध्ये त्याच कोर्टाने डबे वेगळे ठेवले तरी समानता भंगत नाही असा निकाल दिला. मतासाठी कर आणि साक्षरतेची परीक्षा लावली गेली. लुइझियाना राज्यात १८९६ साली सुमारे १ लाख ३० हजार काळे मतदार नोंदलेले होते. १९०४ साली उरले १,३४२.

मित्रहो, हा आकडा पुन्हा एकदा वाचा. या सगळ्या काळात घटनेतली पंधरावी दुरुस्ती जागच्या जागी होती. तिच्यातले एक अक्षरही कोणी खोडले नव्हते. कायदा पुस्तकात होता आणि मतदार यादीतून माणसे गेली होती.

इतिहास कोणी लिहिला?

त्याहून वाईट पुढेच आहे. हक्क काढून घेतले, आणि मग ते काढून घेणे कसे योग्य होते याचा इतिहास लिहिला गेला. कोलंबिया विद्यापीठातले प्राध्यापक विल्यम डनिंग आणि त्यांचे विद्यार्थी यांनी ग्रंथ लिहून मांडले की मुक्त गुलाम राज्यकारभाराला लायकच नव्हते. तेच शाळेच्या पुस्तकांत गेले. १९१५ साली 'बर्थ ऑफ अ नेशन' या सिनेमाने तेच पडद्यावर दाखवले आणि क्लॅनला नायक केले. दोन पिढ्या हेच शिकल्या. ड्युबॉइस यांनी आपल्या ग्रंथाचे शेवटचे प्रकरण याच खोट्या इतिहासावर लिहिले आहे, आणि त्यात शाळेची पुस्तके तपासून दाखवली आहेत. विद्यापीठांनी बराच काळ त्यांच्याकडे दुर्लक्ष केले. १९८८ मध्ये एरिक फोनर यांचा पुनर्रचनेवरचा मोठा ग्रंथ आला, तोवर विद्वानांचे मत ड्युबॉइस यांच्या बाजूला वळले होते.

डनिंग शिकवत होते त्याच विद्यापीठात बाबासाहेब शिकले, पण त्यांनी त्या इतिहासातून वेगळाच धडा घेतला. १९४७ च्या 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज'मध्ये त्यांनी अमेरिकेच्या १८६६ आणि १८७५ च्या नागरी हक्क कायद्यांचा आधार घेतला. त्याच मसुद्यात शेतजमीन सरकारी मालकीची करून कसणाऱ्यांना द्यावी असेही मांडले. नुसता हक्क लिहून भागत नाही, त्याखाली पोटाचा आधार पाहिजे, हे अमेरिकेतल्या चाळीस एकरांची गोष्ट वाचलेल्या माणसाला लगेच पटते.

चालत राहिलेली माणसे

पुढची तारीख १ डिसेंबर १९५५. माँटगोमेरी शहरात रोझा पार्क्स यांनी बसमधली जागा गोऱ्या प्रवाशासाठी सोडायला नकार दिला. इथेही एक सोपी गोष्ट सांगितली जाते: दमलेली बाई, सहज बसून राहिली. खरे असे की शिवणकाम करणाऱ्या रोझा पार्क्स या बारा वर्षांपासून काळ्यांच्या संघटनेच्या कार्यकर्त्या होत्या. आणि त्या रात्री जो ॲन रॉबिन्सन या शिक्षिकेने कॉलेजच्या यंत्रावर हजारो पत्रके छापून बहिष्काराची हाक दिली. ३८१ दिवस काळे लोक बसमध्ये चढले नाहीत, कामावर चालत गेले. डिसेंबर १९५६ मध्ये त्यांचा विजय झाला. त्याच महिन्यात इकडे आपण दादरच्या चौपाटीवर बाबासाहेबांना निरोप दिला होता.

या लढ्यावर दोन पुस्तके एकत्र वाचावीत. एक मार्टिन ल्यूथर किंग यांचे १९५८ चे 'स्ट्राइड टुवर्ड फ्रीडम', आणि दुसरे जो ॲन रॉबिन्सन यांचे १९८७ साली आलेले आत्मकथन. पहिल्यात व्यासपीठ दिसते. दुसऱ्यात सतरंज्या कोणी उचलल्या ते दिसते.

१९६४ चा नागरी हक्क कायदा आणि १९६५ चा मतदान हक्क कायदा यांनी ९० वर्षांपूर्वी गेलेले परत मिळाले. ४ एप्रिल १९६८ रोजी मेम्फिसमध्ये किंग यांचा खून झाला. ते तिथे कशासाठी गेले होते? सफाई कामगारांच्या संपाला पाठिंबा द्यायला. कचऱ्याच्या गाडीत चिरडून दोन कामगार मेले होते, म्हणून तो संप झाला होता. आणि इथेही माझा तिसरा नियम लावून पाहा. १९६५ च्या कायद्यात असे होते की भेदभावाचा इतिहास असलेल्या राज्यांनी मतदानाचे नियम बदलण्यापूर्वी केंद्राची परवानगी घ्यावी. २०१३ मध्ये सुप्रीम कोर्टाने ही तरतूद निकामी केली.

शेवटी

रविवारच्या वाचन वर्गात हे सगळे सांगितल्यावर एका मुलाने विचारले, "काका, म्हणजे कायद्याचा काही उपयोगच नाही का?" मला हा प्रश्न फार महत्त्वाचा वाटला. उपयोग आहे. तो कायदा घटनेत शिल्लक होता म्हणूनच १९५४ साली शाळांतली फारकत मोडताना कोर्टाला चौदावी दुरुस्ती हाताशी मिळाली. पण मधली ७७ वर्षे ज्यांनी राखणच केली नाही असे आपण म्हणू शकत नाही. त्यांनी केली, मार खाल्ला, जीव दिला, आणि तरी हरले. मग पुन्हा उभे राहिले. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीत बाबासाहेबांनी राजकीय समता आणि सामाजिक-आर्थिक विषमता यांतल्या विसंगतीचा जो इशारा दिला, तो मी आता अमेरिकेच्या त्या ७७ वर्षांसह वाचतो.

त्या मुलांना आणि तुम्हाला माझी एकच विनंती आहे. एखादी तारीख आपण साजरी करतो, तिच्या पुढची वीस वर्षेही वाचा. आणि जे अजून पुस्तकात आलेले नाही ते लिहून ठेवा. आमच्या वस्तीत १९८२ च्या संपात असलेली म्हातारी माणसे आता हाताच्या बोटावर मोजण्याइतकी उरली आहेत. विहारातल्या ग्रंथालयाच्या टेबलावर मी एक दोनशे पानी वही ठेवली आहे. पहिल्या पानांवर माझ्या आईने सांगितलेले, घरातली भांडी विकली त्या दिवसाचे, मी लिहिले आहे. पुढची पाने कोरी आहेत. आपापल्या घरातल्या म्हाताऱ्या माणसाजवळ बसून ती भरा. नाही तर उद्या आपलीही गोष्ट कोणीतरी डनिंगच लिहील.